करकर थांबली तेव्हा

मी बोलतोय, जरा खालून. मान खाली घाला, म्हणजे दिसेन. लाकडी, चौकोनी, वीतभर उंच. ऑर्केस्ट्रावाले मला पोडियम म्हणतात. कंडक्टरने उभं राहायचं ते माझ्यावर. तुम्ही चेहरा बघून माणूस ओळखता, मी तळव्यांवरून ओळखतो. चेहऱ्याला सोंग आणता येतं, तळव्याला नाही.

माझा जन्म खोक्याचा. जहाजाच्या इंजिनाचा एक सुटा भाग माझ्या पोटात बसून कोरियाहून सिंगापूरला आला. भाग इंजिनात गेला आणि मी भंगारात निघालो होतो. पण चीफ इंजिनियर उत्तम कांबळ्यांना चांगलं लाकूड टाकलेलं बघवत नाही. त्यांनी माझ्या फळ्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर आणल्या आणि कॉरिडॉरमध्ये ठोकाठोक सुरू केली.

"हे काय धूड?" त्यांच्या बायकोने, बेबीकाकूंनी, दारातूनच विचारलं.

"जयंतीला पोरं भाषणं कशावर उभी राहून करणार?"

तर चौदा एप्रिलला माझ्यावर पोरांची भाषणं होत आणि उरलेलं वर्ष काकूंच्या कढीपत्त्याच्या कुंड्या डोक्यावर असत. कुंड्यांचं पाणी झिरपून डावीकडची फळी फुगली. तिथे पाय दाबला की मी करकरायचो. माणसाला जशी घसा खाकरायची सवय लागते, तशीच ती मला लागली.

शेजारचे लिम अंकल सेलो, म्हणजे गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन, वाजवायचे. त्यांच्या ऑर्केस्ट्राचा पोडियम मोडला, तेव्हा उत्तमकाकांनी मला ट्रॉलीवर घालून सरावाच्या हॉलमध्ये नेलं. नुकतेच रिटायर झाले होते. तिथे खुर्च्या मांडायला लागले ते लागलेच.

मग एक दिवस माझ्यावर दोन छोटे, हलके तळवे चढले. ऋचा. आईवडील नागपूरचे, जन्म ओहायोचा, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. अमेरिकेत तीन शहरांत मिळून अकरा वर्षं ती सहायक कंडक्टर होती. सहायकाने सगळं संगीत पाठ करून प्रेक्षकांत बसायचं आणि मुख्य कंडक्टर आजारी पडला तर धावायचं.

"अकरा वर्षांत एकालाही साधी शिंक आली नाही, काका," ती म्हणाली. "इथे एक वर्ष मिळालंय. शेवटच्या कॉन्सर्टनंतर वादक मत देणार. नको म्हणाले तर हे काम सोडायचं, असं ठरवून आलेय मी."

मला मात्र एकच कुतूहल. एकसष्ट माणसं एकसष्ट वाद्यं वाजवतात आणि ही बाई काहीच वाजवत नाही. हातात काडीएवढी छडी, तिचाही आवाज नाही. मग ही करते तरी काय? महिनोन् महिने मी कान देऊन ऐकलं. एवढंच कळलं, की सूर निघायच्या आधी तिची डावी टाच माझ्यात रुतते. भीतीने रुतते. आणि मी करकरतो.

शेवटच्या कॉन्सर्टला आठवडा उरला, तेव्हा ते काकांच्या ध्यानात आलं. एक संथ तुकडा अगदी शांततेतून सुरू व्हायचा, तिथेच माझी करकर. काका माझ्याशेजारी पालथे झोपले. स्क्रूड्रायव्हरचं टोक फळीला लावलं, मूठ कानाला. इंजिनाचं दुखणं असंच शोधतात म्हणे. अर्ध्या तासात त्यांनी फुगलेली फळी रंधली, खाली रबराच्या पट्ट्या घातल्या, चार नवे स्क्रू पिळले. मी मुका झालो.

दुसऱ्या दिवशी सगळंच कोसळलं. तोच संथ तुकडा. छडी खाली आली आणि मागच्या रांगेतले, हॉर्न ही पितळी वाद्यं वाजवणारे सुरात आलेच नाहीत. पुन्हा. पुन्हा आले नाहीत. चौथ्यांदा दोघे आले, तेही घसरत. ऋचाचे तळवे गार पडले होते.

"काय होतंय?" तिने इंग्रजीत विचारलं.

हॉर्नवाली मेईलिन खाली मान घालून सिंगापुरी ढंगात म्हणाली, "सॉरी लाह. तुम्ही इथून दिसत नाही. आम्ही त्या लाकडाच्या आवाजावर सुरू करायचो. आज लाकूड बोललंच नाही."

कुणी हसलं नाही. ऋचाने सर्वांना दहा मिनिटं सुट्टी दिली आणि माझ्यावरच बसली.

"काका, वर्षभर मला वाटत होतं, ते माझ्याकडे बघतायत."

"दोन स्क्रू ढिले करू का?" काका हळूच म्हणाले. "करकर परत येईल. मतदान तेवढं पार पडेल."

खरं सांगतो, मला ते हवं होतं. जन्मात पहिल्यांदा कुणाला माझी गरज पडली होती.

"नको," ऋचा म्हणाली आणि उठली. डबा घेऊन आलेल्या बेबीकाकू कोपऱ्यात उभ्या होत्या. दोघींची उंची सारखीच. "काकू, जरा यावर उभ्या राहता?"

"अगं, मला कुठं येतंय?"

"नुसते हात वर करा."

ऋचा मेईलिनच्या खुर्चीत जाऊन बसली. वादक परतले, तर समोर काकू. "काय दिसतं गं?" काकूंनी विचारलं.

"तुमचा अंबाडा!" मागून ऋचा आधी मराठीत, मग इंग्रजीत ओरडली. "आणि दोन बोटं!"

आता मात्र हॉल हसला. हसता हसताच लिम अंकलनी सेलो उचलला, इतरांनीही वाद्यं घेतली. काकूंनी घाबरून मोठा श्वास घेतला आणि मला जाणवलं, समोरच्यांनीही घेतला. सगळ्यांनी एकदम. दोन हात दचकून खाली आले आणि एक भलामोठा, बेसूर, पण एकत्र सूर निघाला. काकू किंचाळून उतरल्या.

माझं कोडं सुटलं. ही बाई वाजवत नाही, ती सगळ्यांना एकदम श्वास घ्यायला लावते. फक्त ती दिसायला हवी.

ऋचा परत आली. "काका, अमेरिकेत पहिल्याच दिवशी मॅनेजरने सगळ्यांसमोर मला उभं राहायला खोका आणून दिला होता. लोक हसले. तेव्हापासून मी उंच पोडियम कधी मागितला नाही. आता मागते. मला उंच करा."

काकांनी माझ्याखाली आणखी वीतभर ओटा जोडला. कॉन्सर्टला तो संथ तुकडा आला, तेव्हा तिची टाच रुतली. भीती काही गेली नव्हती. पण मी गप्प राहिलो. हॉर्न वेळेवर आले, इतके हळुवार की मी शहारलो. मतं पडली. एकसष्टपैकी सत्तावन्न तिच्या बाजूने.

अजून मी तिच्याच पायाखाली आहे. प्रत्येक सरावाआधी ती शेवटच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघते, मगच वर चढते.

यंदा जयंतीला काकांनी मला पुन्हा मागून नेलं. त्यांची आठ वर्षांची नात क्षिप्रा भाषणाला उभी राहिली आणि पहिल्याच वाक्याला अडखळली. डावी टाच माझ्यात रुतली. करकरून धीर द्यावा म्हटलं, तर आवाज कुठला?

"आजोबा, आय कान्ट, लाह," ती पुटपुटली.

शेवटच्या रांगेतली एक ठेंगणी बाई खुर्चीवर चढून उभी राहिली.

"दिसतेस गं इथून," ऋचा म्हणाली. "अख्खी दिसतेस."

टाच सैल झाली. क्षिप्राने श्वास घेतला आणि सगळ्या हॉलने तिच्याबरोबर घेतला.