आईच्या गावी न्यायचा फोटो

काहूचा फोन आला तेव्हा डेस्मंड मागच्या शेडमध्ये फिल्मच्या पेट्या उपसत बसला होता.

"मिळाला का रे?" तिने एकदम विचारलं. काहू म्हणजे त्याच्या बायकोची, मेरेआनाची, थोरली बहीण. कसा आहेस, जेवलास का, असलं काही फोनवर विचारायची तिला सवय नव्हती.

"बघतोय."

"आठवडाभर बघतोच आहेस. शनिवारी दहा वाजता आपल्याला सभाघराच्या फाटकाशी उभं राहायचंय. आईच्या गावची माणसं स्वयंपाकाला लागलीत. आणि आपण काय, रिकामी चौकट घेऊन जायचं?"

"लायसन्सवरचा फोटो मोठा केलेला आहे ना..."

"तो पुरताना चालवून घेतला, घाई होती म्हणून. त्यात माझी बहीण मासे चोरताना पकडल्यासारखी दिसते. हा कायमचा भिंतीवर राहणार आहे, डेस. आजीच्या शेजारी. आजी म्हणेल, ही कोण भामटी आणलीत?"

मेरेआनाला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिला वडिलांच्या गावी पुरलं. आईच्या गावाला तिचं शेवटचं दर्शन झालं नव्हतं, म्हणून आता तिचा फोटो तिकडे न्यायचा होता. तिच्या माणसांत फोटो म्हणजे ते माणूसच. त्याला हाक मारून फाटकातून आत घेतात, त्याच्याशी बोलतात, त्याच्यासमोर रडतात आणि मग सभाघराच्या भिंतीवर गेलेल्यांच्या रांगेत जागा देतात. डेस्मंडकडे त्यांनी तेवढंच मागितलं होतं. एक फोटो. ज्याने चाळीस वर्षं फोटो काढून घर चालवलं, त्याच्याकडे.

आणि त्याच्याकडे तो नव्हता.

त्याने गावं काढली होती. व्हांगानुईचं नाट्यगृह, नेपियरची बँक, टपाल कचेऱ्या, चर्च, लाकडी हॉटेलं. त्याची कॅलेंडरं आणि पोस्टकार्डं देशभर खपायची. गिऱ्हाइकाला इमारत हवी असे, तिच्यासमोर आइस्क्रीम चाटणारा चड्डीतला माणूस नको असे. भर दुपारी रस्ता रिकामा दाखवायची रीत सोपी होती. भिंगावर काळी काच चढवायची आणि शटर पाच-सहा मिनिटं उघडं ठेवायचं. चालता माणूस फिल्मवर उमटत नाही, थांबलेला उमटतो. म्हणून मेरेआना चौकटीत फिरत राहायची आणि कोणाला थांबू द्यायची नाही. "चला काका, गप्पा मारत चला, इथे उभं राहायला भाडं पडतं," म्हणत ती म्हाताऱ्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायची आणि परत यायची. स्वतःही थांबायची नाही. त्यामुळे डेस्मंडच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत ती होती आणि एकातही दिसत नव्हती.

"माझा पण काढ की कधीतरी," ती म्हणायची.

"काढू गं. उजेड बरा असला की."

त्या दोघांचं लग्न कचेरीत झालं तेव्हा कॅमेरा त्याच्याच गळ्यात होता. घरच्या समारंभात ती कोणाच्या तरी पाठीमागे, नाहीतर तोंडात घास.

फोन ठेवून तो पुन्हा पेट्यांकडे वळला. खरं सांगायचं तर एक पाकीट त्याला सोमवारीच सापडलं होतं. त्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: ओमारू, वाया गेलेली. ते त्याने दोनदा उचलून खाली ठेवलं होतं. गुरुवारी दुपारी त्याने ते उघडलं, फिल्म काचेवर धरली आणि मग खाली बसला.

ओमारूचं ते पांढऱ्या दगडाचं धान्याचं गोदाम. आभाळ भरलेलं, सावल्या नाहीत, त्याला हवा तसा उजेड. गोदामाच्या काळ्या दाराशी, पायरीवर, मेरेआना बसली होती. अर्धी उमटलेली. दाराच्या फळ्या तिच्या अंगातून आरपार दिसत होत्या, पण चेहरा स्पष्ट होता. ती कॅमेऱ्याकडे बघत होती.

त्याने दुसऱ्या दिवशी तो छापला, चौकटीत बसवला, ब्लँकेटात गुंडाळला आणि गाडीने रोटोरुआला काहूच्या घरी पोचला.

काहूच्या स्वयंपाकघरात तिचा चुलतभाऊ हेमी तळलेले पाव हाणत बसला होता. "ये भावा!" तो ओरडला. "वेळेवर आलास, नाहीतर हे सगळे मीच संपवणार होतो. बस. वाळलास किती! स्वतःच्या हातचं खातोस वाटतं?"

"हेमी, तोंडातलं गिळ आधी," काहू म्हणाली. तिने हात पुसले. "दाखव."

डेस्मंडने ब्लँकेट सोडलं. काहूने चष्मा लावला. हेमी खुर्चीतून उठून मागे येऊन उभा राहिला.

"अगदी तशीच आहे," काहू म्हणाली. तिने काचेवर, बहिणीच्या गालाशी, बोट ठेवलं. मग विचारलं, "पण हे दार तिच्यातून दिसतंय ते काय?"

"शटर उघडं होतं सहा मिनिटं. ती त्यातली तीनच मिनिटं बसली होती."

"ती तर तुझ्या फोटोत बसायची नाही. चालायची. आम्हाला नक्कल करून दाखवायची."

"हो."

"मग इथे का बसली?"

सगळा रस्ता त्याने या प्रश्नाचं उत्तर जुळवलं होतं. मनात दोन-तीन खोटी उत्तरं तयार होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"दम लागला होता तिला," तो म्हणाला. "ती म्हणाली, डेस, दोन मिनिटं बसते. मी ओरडलो. रस्त्यापलीकडून, लोकांदेखत. म्हटलं, ऊठ, सगळं वाया जाईल, अजून तीनच मिनिटं चाल आणि मग बस हवी तेवढी. ती उठली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. हे तेच बघणं आहे."

काहूने काचेवरचं बोट काढून घेतलं.

"मग मी नवी फिल्म घातली. तिला पुन्हा चालायला लावलं. सहा मिनिटं. ती चालली. तो फोटो चांगला आला, यंदाच्या कॅलेंडरवर आहे. त्यानंतर तीन आठवड्यांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय केव्हापासून थकलेलं असणार, काही जाणवलं नव्हतं का? मी म्हटलं, नाही."

हेमीने सिंकचा नळ उगाच सोडला आणि बंद केला.

काहूने चष्मा काढला. "वर्ष झालं," ती म्हणाली. "वर्षभर तू माझ्याशी फोनवर बोलतोस. हवेबद्दल."

"काहू, मला..."

"मला नको सांगूस. मी तुला माफ करायला इथे बसलेली नाही. आणि तेवढं मन माझं मोठं नाही, आज तरी." तिने चौकट स्वतःकडे ओढली. "हाच जाईल भिंतीवर. तो लायसन्सवरचा नको. ज्या दिवशी तिला दम लागला तो दिवस कोणीतरी बघितला पाहिजे."

"लोक विचारतील, ती अशी का दिसते."

"विचारू देत. तू तिथेच असशील ना सांगायला?"

शनिवारी दहाच्या आधीच ते फाटकाशी जमले. चाळीसेक माणसं, बायका काळ्या कपड्यांत, डोक्यावर पानांच्या माळा. फोटो बायका धरतात, सगळ्यांत जवळच्या. हेमीच्या बायकोने हात पुढे केले, पण काहूने चौकट उचलून डेस्मंडच्या छातीशी दिली.

"अगं पण तो..." कोणीतरी कुजबुजलं.

"त्यालाच धरू दे. चेहरा पुढे ठेव, डेस. आपण नाही बघायचं, त्यांनी बघायचं."

आतून सभाघराच्या ओसरीवरून एका म्हातारीने हाक घातली. लांब, उंच, रडण्यातूनच निघालेली. काहूने इकडून उत्तर दिलं. त्यात मेरेआनाचं नाव होतं, आईचं होतं, आजीचं होतं. लोक हळूहळू चालू लागले. डेस्मंडही चालला. चौकटीची कड त्याच्या बरगडीत रुतत होती.

अंगणाच्या मध्यावर सगळे थांबले. गेलेल्यांसाठी तिथे थांबायचंच असतं. माना खाली गेल्या. समोरच्या बायका फोटोकडे बघून मोठ्याने रडत होत्या आणि त्याला कळत होतं, त्या ओमारूच्या पायरीवरून त्याच्याकडे बघणाऱ्या डोळ्यांत बघत आहेत.

मग काहूने पाऊल उचललं. तिच्यामागे बाकीच्यांनीही. डेस्मंडचे पाय हलले नाहीत. त्याने प्रयत्न केला. तोंडातून आवाज निघाला तो त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही.

काहूने वळून पाहिलं आणि ती परत येऊन त्याच्या बाजूला उभी राहिली. मग हेमी आला. मग सगळे. ओसरीवरच्या म्हातारीची हाक पुन्हा आली आणि विरून गेली. पलीकडची माणसंही ताटकळत उभी होती. स्वयंपाकघराच्या दारात ॲप्रन घातलेल्या बायका येऊन थांबल्या.

खूप वेळ गेला. त्याला चल असं कोणीच म्हणालं नाही.