वचनपेटीतली मखमल

मी एक जुनी सागवानी पेटी आहे आणि मला हेवा वाटतो.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू बोलायला लागल्या की आधी वय सांगतात, मग गाव सांगतात. मी आधी हेवा सांगितला. वय तर झालेच आहे, ते माझ्या कडांवर दिसते. हेवा मात्र आत आहे, आणि आत काय आहे हेच माझ्यासारख्या पेटीला विचारायचे असते.

माझी गोष्ट सलग येणार नाही. माझ्या पोटात कागदाच्या सुरळ्या उभ्या असत आणि हाताला लागेल ती एक बाहेर येई. मला तशीच सवय आहे. एकेक सुरळी ओढते. क्रम मी सांभाळला आहे, तुम्ही घाबरू नका.


सुरळी : लाकूड

नागपूरला सदरमध्ये एका चर्चचे बाक दुरुस्त होत होते. सुतार होते देवराव. एका बाकाचा कुजलेला पाय कापताना वरचा चांगला तुकडा उरला. पाळकसाहेबांना विचारून त्यांनी तो पिशवीत टाकला आणि घरी येऊन रंधला. दोन तळव्यांवर मावेल एवढी मी झाले.

त्यांची बायको पुष्पलताबाई तेव्हा कागदाच्या पट्ट्या कापत होती. एकेका पट्टीवर पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, एकेक वचन शाईने लिहायचे आणि ती पट्टी विणकामाच्या सुईवर गुंडाळायची, म्हणजे सगळ्या सुरळ्या सारख्या जाडीच्या होतात. त्या माझ्यात दाटीवाटीने उभ्या राहिल्या. ओढायला पितळेचा लहान चिमटा दोऱ्याने माझ्या कुशीला बांधला.

"हिले कडी काहून नाही लावली जी?" पुष्पलताबाईने विचारले.

"वचनाले कडी लावतेत का वं?" देवराव म्हणाले. "खुर्ची बसासाठी, पाट जेवासाठी. हे उघडासाठी."

कशासाठी आहोत हे इतक्या लवकर कळणारे फार थोडे असतात. मला कळले होते.

पुष्कळ ख्रिस्ती घरांत माझ्यासारखी वचनपेटी असते. सकाळी चहाच्या आधी डोळे मिटायचे, चिमट्याने एक सुरळी ओढायची, मोठ्याने वाचायची. एक जानेवारीला चर्चहून आल्यावर जी ओढायची ती वर्षभराची. आमच्या घरचा नियम एकच होता. निघेल ते वाचायचे. आवडले नाही म्हणून परत ठेवायचे नाही.

गोड सुरळ्या पुष्कळ होत्या. भिऊ नकोस, मी जवळ आहे, असे सांगणाऱ्या. कडूही होत्या. त्यातली एक त्या माणसाची, ज्याचे पीक इतके आले की त्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधायला काढली, आणि कोठारे व्हायच्या आतच त्याला वरून बोलावणे आले.

ही सुरळी लक्षात ठेवा.


सुरळी : लाल डबा

देवराव गेले. त्यांचा मुलगा मोहित याचे लग्न झाले आणि सून रितिका हिच्याबरोबर इतवारीच्या सराफ्यातून एक दागिन्यांचा डबा घरात आला.

लाल. आतून लाल मखमल. झाकणाला आरसा. बाजूला किल्ली.

मी पुष्पलताबाईच्या खाटेजवळ चौरंगावर असे. समोर तिचीच लोखंडी आलमारी. डबा आलमारीच्या लॉकरमध्ये राहायला गेला. कोणाचे लग्न निघाले की रितिका हात धुऊन, पदराला पुसून, दार लोटून घेई. किल्ली फिरे. डबा पलंगावर उतरे. शेजारणी श्वास रोखून बघत. कोणी बोट लावले तरी विचारून लावी.

आणि माझ्यात? माझ्यात नात नूपुर गुळाच्या चिकट बोटांनी चिमटा घाली. मोहित दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून यायचा. दूधवाला आला तर मला उघडीच टाकून जात. मी रोजची होते. रोजच्याला कोण हात धुऊन येते?

त्या डब्यात बघणाऱ्याला स्वतःचे तोंड दिसे. किती सुखाचे काम! मला उघडणाऱ्याला स्वतःपेक्षा वेगळेच काहीतरी ऐकावे लागे.

मी रोज मागणे करू लागले. बापा, मलाही मखमल दे. बापा, मलाही किल्ली दे.

माझ्याच पोटात एक सुरळी होती. देव स्वतः ईर्ष्यावान आहे, असे तिच्यावर होते. मी तिला छातीशी धरून म्हणे, बघा, त्यालाही हेवा वाटतो, मग मला वाटला तर काय बिघडले? त्याला कशाचा वाटतो हे मी तेव्हा वाचत नव्हते. त्याला माणूस हवा असतो. मला मखमल हवी होती.


सुरळी : परत ठेवलेली

मोहितने मौद्याच्या वीज केंद्राकडे भाड्याने गाड्या लावल्या. एक, मग आणखी. घरात मोठा सोफा आला, लाल डबा जड झाला. मला ते लॉकरच्या फळीच्या कुरकुरीवरून कळे.

एका एक जानेवारीला मोहितच्या चिमट्याला कोठारवाला माणूस लागला. त्याने हसत वाचले. पुढच्या एक जानेवारीला पुन्हा तोच.

"हे मलेच काहून निघते?" तो म्हणाला आणि सुरळी परत खोचू लागला.

"निघालं ते वाच गा," पुष्पलताबाई म्हणाली.

"आई, वर्षभराचं आहे न. जरा शुभ निघू दे."

त्याने दुसरी ओढली. देव माझा मेंढपाळ, मला काही उणे पडणार नाही, ही निघाली. ती त्याने खणखणीत आवाजात वाचली. पुष्पलताबाईने त्या दिवशी चहा अर्धाच घेतला.

काही दिवसांनी दुपारी रितिकाने मला मांडीवर घेतले आणि एकेक सुरळी उकलून बघितली. ती वाईट बाई नाही, मित्रांनो. नवरा सकाळी चिडचिड करत घराबाहेर पडू नये एवढेच तिला हवे होते. कडू सुरळ्या तिने वेगळ्या काढल्या आणि औषधाच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या थैलीत भरल्या.

"टेन्शनवाल्या काढून ठेवल्या," ती संध्याकाळी मोहितला म्हणाली. "आईले नको सांगजा."

मी अर्धी झाले. उरलेल्या सुरळ्या एकमेकींवर कलू लागल्या. मला वाईट वाटायला हवे होते. मला वाटले, बरे झाले, जागा झाली.


सुरळी : मखमल

नूपुरचे लग्न ठरू लागले. मुलगा कुहीकडचा, धानाच्या शेतीवाल्या घरचा, नोकरीला नागपुरात. मुलीला घालायचा सोन्याचा सेट पाहुण्यांना दाखवायचा होता.

"मम्मी, लाल डब्यात नको ना. सगळ्यांकडे तसेच असतात," नूपुर म्हणाली. "आजीची पेटी बघ. एकदम अँटिक लुक. याच्यातच ठेवू."

"अन् आजीले काय सांगू?"

"पॉलिशला दिली म्हण."

माझ्या गोड सुरळ्याही त्याच थैलीत गेल्या. थैली बाल्कनीत, हिवाळ्यासाठी गुंडाळून ठेवलेल्या कूलरखाली. मला बाजारात नेले. माझ्या तळाला डिंक लावून लाल मखमल चिकटवली. पुढे पितळी कडी आणि लहान कुलूप. स्क्रू आत जाताना देवरावांनी जुळवलेला कोपरा चरकला. चिमटा तेवढा नूपुरने राहू दिला, छान दिसतो म्हणून.

माझ्यात सोने ठेवले. थंड होते. मला लॉकरमध्ये, लाल डब्याच्या शेजारी बसवले. रितिकाने त्याआधी हात धुतले होते.

ऐकलेत ना, मित्रांनो? हात धुतले होते! किल्ली फिरली आणि मी मनात म्हणाले, आता बघा.


सुरळी :

(ही कोरी आहे. लॉकरमध्ये बघायला काही नव्हते.)


सुरळी : दारापलीकडून

आलमारी पुष्पलताबाईच्या खोलीत, हे मी सांगितलेच. तिची खाट माझ्यापासून हातभर अंतरावर. मध्ये फक्त लोखंडी दार.

"पेटी आली का वं?" ती सकाळी विचारी.

"पॉलिशवाल्याकडं गर्दी आहे आई. चहा घ्या."

"वचनाबिगर कसा घेऊ?"

चहा परत जाई. कपबशीचा आवाज दारापर्यंत येई आणि लांब जाई. मग नूपुरने फोनवर तिला काहीतरी लावून दिले. एक गोड आवाज वचन वाची आणि लगेच दुसरा आवाज घरकर्ज घेण्याचा आग्रह करी.

"हे तं मधातच उधारी द्याले पाहते," पुष्पलताबाई म्हणाली.

"आजी, ती जाहिरात आहे. वचन ऐकलं ना? मग झालं."

"ऐकलं बाई. पण ओढू काय? माह्या हाताले काहीच नाही लागलं."

चहा परत गेला.

माझ्याही पोटात हात येत नव्हता. शेजारच्या लाल डब्याकडे मी आता जवळून बघत होते. वर्षातून दोनदा उजेड, बाकी हे. ज्याचा मी इतकी वर्षे हेवा केला, त्याचे रोजचे जगणे हे होते. आणि आता मला हेवा वाटत होता त्या फोनचा. त्याच्यावर निदान पुष्पलताबाईचे बोट टेकत होते.


सुरळी : पाहुणे

नाताळ होऊन गेला होता. कुहीहून मुलाची आई रंभाबाई आली. नव्या तांदळाची थैली घेऊन आली, ती तिने सोफ्यावर स्वतःच्या शेजारी ठेवली. गप्पा झाल्या. पुष्पलताबाईला खुर्चीत आणून बसवले. रितिकाने लॉकर उघडले आणि मला दोन्ही हातांत धरून बैठकीत नेले.

किल्ली फिरली. कडी निघाली. मला रंभाबाईच्या मांडीवर ठेवले. मी दिमाखात होते, खोटे कशाला सांगू?

रंभाबाईने माझ्याकडे बघितले, चिमट्याकडे बघितले, आणि तिचा चेहरा उजळला.

"अवं माय, तुमच्या घरी बी वचनपेटी हाय! आमच्या सासूबाईची अशीच होती. थांबा, शुभ काम हाय, आधी वचन ओढते."

कोणी काही म्हणायच्या आत तिने डोक्यावर पदर घेतला. डोळे मिटले. ओठ हलले. एका हाताने झाकण उचलले, दुसऱ्या हाताने चिमटा आत घातला, आणि आत जे लागले ते धरून वर काढले.

सोन्याची साखळी होती.

रंभाबाईचे डोळे मिटलेलेच. तिच्या घरी रीत अशी की दुसऱ्याने वाचून होईपर्यंत ओढणाऱ्याने डोळे उघडायचे नाहीत. तिने चिमटा मोहितच्या दिशेने धरला. साखळी हेलकावे खात होती.

"वाचा न भाऊ. कोणतं निघालं?"

नूपुरने ओढणी तोंडावर धरली. रितिका जागच्या जागी खिळली.

"लय जड काहून लागून राहिलं वं?" रंभाबाई म्हणाली.

पुष्पलताबाई खुर्चीतून वाकून माझ्याकडे बघत होती. माझ्या कोपऱ्याकडे, देवरावांच्या जोडाकडे. मग कडीकडे. तिने सुनेकडे बघितले नाही, नातीकडेही नाही. मला वाटले ती रडेल, लग्न मोडेल, आणि सगळा दोष माझ्या मखमलीवर येईल.

"मोहित," ती म्हणाली. "निघालं ते वाच गा."

"आई..."

"परत नाही ठेवाचं. वाच."

मोहितने साखळीकडे बघितले. तिच्यावर एकही अक्षर नव्हते. पाहुणीचा हात अवघडून खाली येऊ लागला होता. तो पुढे आला, तिच्या हाताखाली त्याने आपला हात धरला आणि खालच्या आवाजात सुरुवात केली.

"एका माणसाचं पीक लय आलं. ठेवाले जागा पुरेना. त्यानं कोठारं पाडली, मोठी बांधाले काढली. म्हणे, आता खा, पी, मजा कर. अन् त्याच राती देवानं त्याले म्हटलं, येड्या, आजच तुले बोलावणं आहे. मंग हे सारं कोणाचं?"

दोनदा निघालेली ती सुरळी त्याला अक्षर न् अक्षर पाठ होती. काढून टाकली होती ती फक्त माझ्यातून.

"आमेन," रंभाबाई म्हणाली आणि डोळे उघडले. साखळी दिसली. ती इतकी हसली की पदर डोक्यावरून घसरला.

"तरी म्हटलं, कागद एवढा जड कसा! ठेवा भाऊ हे तुमचं. मी काही सोनं पाहाले नाही आली. पोरगी पाहाले आली. अन् यातले कागद कुठं गेले?"

नूपुर आधीच बाल्कनीकडे धावली होती. थैली आली. बाल्कनी धुताना पाणी आत गेले होते. काही सुरळ्यांची शाई पसरून कागद निळा झाला होता, काही पार कोऱ्या. रितिकाने त्या सोफ्यावर वाळत घातल्या, एकेक, आणि कडू कुठली, गोड कुठली हे तिने बघितले नाही.

"पॉलिश चांगली केली गा त्यानं," पुष्पलताबाई म्हणाली. रितिकाची मान खाली गेली. मग सासूनेच तिच्या पाठीवर हात ठेवला. "एक दे इकडं. ओलीच दे."

तिने ओढली. वाचली. आणि म्हणाली, "आता चहा आण वं. सगळ्यायले आण."


शेवटची सुरळी

मी पुन्हा चौरंगावर आहे. कडी काढली, तिची छिद्रे राहिली. सोने लाल डब्यात परत गेले. मखमल मात्र निघाली नाही, डिंक पक्का होता. माझ्या सुरळ्या तिच्यावर सरळ उभ्या राहत नाहीत, रोज कलतात. मागितलेले मिळाले ते असे, पायाखाली.

हेवा गेला का? नाही, मित्रांनो. लॉकरची किल्ली फिरली की अजून माझे झाकण जरासे हलते. फरक एवढाच की तेवढ्यात कोणाचे तरी चिकट बोट आत येते आणि मला कामाला लागावे लागते.

तुमच्या घरात अशी एखादी पेटी असेल तर तिला पॉलिश करू नका. तिला जपून, उंचावर, कुलपात ठेवू नका. हात धुतले नसतील तरी चालेल. उघडा, आणि निघेल ते वाचा.