वेदिकाची खाट

खाटेवर म्हातारी निजली होती, आणि जिच्यासाठी खाट आणून दिली होती ती वेदिका खाटेखाली पालथी पडून गृहपाठ करत होती.

मृणालीबाई दारातच थांबल्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर चार मैत्रिणींना घेऊन त्यांनी हे काम सुरू केलं होतं. रत्नागिरीच्या आसपास ज्या घरांत मुलं ओल्या जमिनीवर झोपतात, तिथे गादी-मच्छरदाणीसकट एकेक खाट पोचवायची. लाकूड कोणाकोणाकडून मागून आणायचं, आणि खाटा करायचा गंगाराम. दिल्यावर मूल खरंच खाटेवर झोपतंय ना, हे बघायला बाई आणि तो महिन्याभराने फेरी मारत.

"रूपाली, ही खाट पोरीसाठी होती," बाई म्हणाल्या.

रूपालीने ओले हात पदराला पुसले. ती कोळंबी सोलायच्या कामावरून नुकतीच आली होती. "म्हायती हाय मला, बाई. पन सासूची एक बाजू गेली. खाली निजवली की पाठीला ओल लागते, कातडी सोलवटते. पोरगीच बोलली, आजीला वर घे."

"अगं, दुसरी मुलं थांबलीत खाटेसाठी. आणि पावसाचे दिवस. रात्री जमिनीवर काय फिरत असतं, ठाऊक आहे ना तुला?"

बाईंनी गंगारामकडे पाहिलं. त्याने काहीतरी म्हणावं, अशी त्यांची अपेक्षा होती.

गंगाराम खाटेवरच्या आनंदीबाईंकडे बघत होता. म्हातारीचं तोंड वाकडं झालं होतं, पण डोळे जागे होते. आपल्यावरूनच बोलणं चाललंय, हे तिला कळत होतं.

"म्हातारीला खाली कोन ठेवनार, बाई?" तो हलकेच म्हणाला. "तुमी ठेवाल? माज्याच्यान नाय व्हनार. मी दुसरी करतो."

गंगारामचा जन्म होड्या बांधण्यात गेला. फायबरच्या होड्या आल्या आणि त्याचं काम थांबलं. म्हाताऱ्याला हात रिकामे ठेवता येत नाहीत म्हणून तो खाटा करतो, असं मृणालीबाईंना वाटायचं. त्यानेही कधी दुसरं काही सांगितलं नव्हतं.

फार वर्षांपूर्वी त्याचा मुलगा सदू दुसरीत होता. बापाच्या कुशीत जमिनीवर झोपायचा. एका पावसाळ्यात सकाळी उठून म्हणाला, पोटात दुखतं. अंगावर खूण नव्हती, रक्त नव्हतं. त्याच्या बायकोने, गंगुबाईने, ओव्याचं पाणी दिलं. पापण्या मिटायला लागल्या तेव्हा गंगाराम त्याला उचलून धावला. रस्त्यातच पोर गेलं. मण्यार होती, असं डॉक्टर नंतर म्हणाले. झोपेत चावते, कळतसुद्धा नाही. होडीसाठी आणलेल्या फळ्या त्या रात्रीही पडवीत रचून ठेवलेल्या होत्या. त्यानंतर घरात सदूचं नाव निघालं नाही. गंगुबाईने काढलं नाही, त्यानेही नाही.

दुसऱ्या खाटेला लाकूड मिळता मिळत नव्हतं. पाऊस लागून राहिला होता, कोणी फणसाचं झाड तोडत नव्हतं. शेवटी एकाने जुन्या पडवीचे वासे दिले. गंगाराम ते तासायला बसला, आणि रूपालीचा फोन आला.

"काका, सासू गेली. बारावं-तेरावं झालं. तुमी ती खाट घेऊन जावा."

"का गो? आता पोरीला झाली ना मोकळी?"

"ती चढत नाय वर. मारलं तरी चढत नाय."

गंगाराम दुपारच्या एसटीने एकटाच गेला. खाट भिंतीला लागून तशीच होती, धुऊन पुसून ठेवलेली. वेदिका खाटेपासून दूर, घराच्या मधोमध गोधडी अंथरून पडली होती. तिथली जमीन ओलीने काळी पडली होती.

"तितंच निजते," रूपाली म्हणाली. "सासूचा जीव जाताना बाजूच्या मान्सांनी तिला उतरवून तितं ठेवली व्हती. रीतच हाय ती. पन हिला कोन सांगनार?"

गंगाराम गुडघ्यांवर हात टेकत वेदिकाजवळ खाली बसला.

"आजी 'नको' बोलत व्हती," वेदिका त्याच्याकडे न बघता म्हणाली. "कोनाला समजलं नाय. मला समजलं. तरी तिला थंडीत ठेवली. मंग मी कशाला वर निजू?"

कौलांवर पावसाची सर आली आणि गेली.

"माजा सदू असाच खाली निजायचा," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी ते नाव तोंडातून निघालं. रूपाली चुलीपाशी होती, तिने वळून पाहिलं.

"कोन सदू?"

"माजा झील. तुज्याएवढा. माज्या बाजूला निजला व्हता. झोपेत चावलं, मी जागा झालो नाय."

"काय चावलं?"

"मन्यार."

"मेला?"

"व्हय."

वेदिका उठून बसली. म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"तवा तुमच्याकडं खाट नव्हती?"

"नव्हती."

"तुमाला करता येते ना?"

"येत व्हती. केली नाय."

वेदिकाने गोधडी गोळा केली. ती खाटेपाशी गेली, क्षणभर कठड्याला धरून उभी राहिली आणि वर चढली. गोधडी अंगावर ओढून कडेलाच आडवी झाली.

"आत सरक गो, पडशील," रूपाली म्हणाली.

वेदिका सरकली नाही. भिंतीकडची अर्धी खाट मोकळी सोडून ती अंग चोरून पडली होती. तोंड त्या मोकळ्या जागेकडे होतं.

रूपाली पुढे होणार, तेवढ्यात गंगारामने तिला हातानेच थांबवलं. तो उठला, मच्छरदाणी खाली सोडली आणि तिच्या कडा गादीखाली खोचत गेला. आधी वेदिकाच्या बाजूच्या. मग वाकून, हात लांब करून, भिंतीकडच्या.