मामाच्या स्टुलाचा आखूड पाय

माझा मामा लिफ्टमन. आजवर तो जेवढा वर गेलाय तेवढा खाली आला नसता, तर एव्हाना चंद्रावर पोचला असता. तोही स्टुलावरून न उठता.

यंदा त्याच्या छातीत नव्या जातीचा पेसमेकर बसवला. हृदयाला वेळेवर टपली मारायचं काम जुन्यासारखंच, पण ह्याची बॅटरी संपत नाही. आत एक इवलंसं वजन झुलतं. माणूस हलला की वीज तयार होते आणि तिथेच साठते.

"पुढच्या तपासणीला साठा हिरव्यात दिसला पाहिजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर हा काढून जुन्या पद्धतीचा बसवावा लागेल. म्हणजे पुन्हा ऑपरेशन."

मामाने ऑपरेशनची धास्तीच घेतली होती. मागच्या वेळी भूल उतरताना तो अख्ख्या वॉर्डला "कितवा मजला?" विचारत होता, आणि दोघांनी सांगितलाही.

साठा मोजायची चकती मामीच्या ताब्यात. मामाच्या छातीला टेकवली की तिच्यावर रेघ उमटायची. लाल. रोज लाल.

"असं कसं? दिवसभर चौदा मजले हलतो मी!"

"लिफ्ट हलते," मामी म्हणाली. "तुम्ही पार्सल आहात."

चालायला जा म्हटलं की मामाला ड्यूटी आठवायची, आणि सुट्टीच्या दिवशी सुट्टी. शेवटी मामीने डोकं लढवलं. मामाची लिफ्ट होती त्याच इमारतीत नवव्या मजल्यावर माझी नोकरी, म्हणून करवत माझ्या डब्याच्या पिशवीतून गेली. मामा जेवायला गेल्यावर मी त्याच्या स्टुलाचा एक पाय बोटभर कापला.

मामा दिवसभर होडीत बसल्यासारखा डुलत राहिला. संध्याकाळी रेघ पिवळी! मामी नाचली, मी नाचलो. मामाला वाटलं, मला ऑफिसात बढती मिळाली. तोही थोडा नाचला. रेघ आणखी सरकली.

पण लिफ्टमनला एकच गोष्ट सहन होत नाही. जे समतल नाही ते. दुसऱ्या दिवशी त्याने कागदाची घडी करून पायाखाली सारली. मी काढली. त्याने पुन्हा सारली. कागद चोरतो कोण, यावरून त्याचं पहारेकऱ्याशी कडाक्याचं वाजलं. पहारेकरी आजही माझ्याशी प्रेमाने बोलतो, बिचारा.

तपासणीच्या सकाळी रेघ हिरव्यापासून केसभर लांब होती. मामाचा चेहरा पडला. आम्ही तिघे दवाखान्याच्या लिफ्टमध्ये शिरलो. पाचव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, ती फरशीच्या चार बोटं खाली. मामा ठेचकाळला.

आणि पेटला.

"बाई, ही काय थांबवायची पद्धत?"

लिफ्टवाल्या बाईंनी विणकामातून मान वर केली. "चार बोटांनी कुणी मेलंय का?"

"दवाखान्यात असं विचारू नये!" मामा कडाडला. "हँडल असं धरायचं! मजला दिसायच्या आधी सोडायचं! असं! असं!" दोन्ही हातांनी तो हवेतली लिफ्ट चालवू लागला. वर नेताना टाचा उचलत होता, खाली आणताना गुडघे वाकवत होता.

मामीने पळत जाऊन त्याच्या छातीला चकती लावली. "अहो, बोला! थांबू नका! बाई, तुम्हीही काहीतरी बोला ना ह्यांना!"

बाई तयारीच्या निघाल्या. "तुमच्यासारखे खूप पाहिले. घरी बायको विचारत नाही, मग इथे येतात!"

"काय?" मामाने हवेतली लिफ्ट थेट गच्चीवर नेली.

"हिरवी!" मी ओरडलो.

"हिरवी!" मामी ओरडली. रांगेतले पेशंट काही न कळता टाळ्या वाजवू लागले.

डॉक्टरीणबाई दार उघडून बाहेर आल्या. चकती पाहिली, साठा आपल्या यंत्रावर पुन्हा तपासला. "ऑपरेशन रद्द," त्या म्हणाल्या. "रोज काय व्यायाम करता?"

मामीने माझ्याकडे पाहिलं. मी करवतीचं सांगून टाकलं.

मामाने माझ्यावर डोळे वटारले. मग म्हणाला, "गाढवा, निदान सरळ तरी कापायचा."

दुसऱ्या दिवशी मी नवव्या मजल्यावर जायला लिफ्टमध्ये शिरलो. मामा स्टुलावर डुलत होता. सवयीने त्याने खिशातून कागदाची घडी काढली, पायाकडे वाकला आणि थबकला.

"धर," म्हणत ती घडी त्याने माझ्या हातात दिली. "आणि उद्या करवत आण. समोरचा पायही थोडा घेऊ, म्हणजे आणखी डुलेल."

लिफ्ट नवव्या मजल्याला लागली. फरशीला अगदी बरोबर.