डुगडुगत्या टेबलाखालची फाइल

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्ही म्हणाल, ही तर कोपरे झिजलेली जुनी फाइल. बरोबर आहे. जाड हिरवा पुठ्ठा, पोटात लोखंडी चाप आणि पाठीवर एक खोल चौकोनी खड्डा, एवढीच माझी ओळख. चाप अजून घट्ट आहे. खड्ड्याची गोष्ट पुढे येईलच.

मी दारे-खिडक्या बनवणाऱ्या एका सुतारकामाच्या कारखान्यात राहते. कारखाना म्हणजे एक लांब शेड, तीन यंत्रे, अकरा माणसे आणि सगळ्यांवर सारखाच बसणारा भुसा. मालकांना सगळे दादा म्हणतात. दादा मनाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे, पण कागद समोर आला की एकदम बाहेरची कामे आठवणारे. म्हणून कागदपत्रे त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे होती.

मला दुकानातून आणले तेही आक्कांनीच. त्या वर्षी दादांनी आपल्या माणसांना गटाचा आरोग्य विमा द्यायचे ठरवले होते. विमा कंपनीने एक चकचकीत पुस्तिका पाठवली. दादांनी ती खिळ्याला टांगली आणि हात झटकले.

"झालं की आक्का. आता आणखी काय हवं?"

"ही कंपनीची पुस्तिका," आक्का म्हणाल्या. "कुठला आजार बसतो, कुठला नाही, ते हिच्यात आहे. पण तुझा कुठला माणूस गटात येतो, कधीपासून येतो, आजारपणात घरी बसला तर किती दिवस गटात राहतो, दाद कुणाकडे मागायची, हे कुठे लिहिलंय? ते मालकानं लिहून द्यायचं असतं. कायदा तुला विचारणार, पुस्तिकेला नाही."

"अकरा माणसांसाठी एवढा पसारा?"

"आजार यायच्या आधी डोकी मोजत नाही, दादा."

मग आक्का तीन आठवडे विमावाल्या बाईंसमोर वही घेऊन बसल्या आणि माझ्या पोटात पहिले पान आले, योजनेच्या मूळ दस्तऐवजाचे. त्यामागोमाग त्याचा सोप्या शब्दांतला दोन पानी सारांश आला. सारांशाची एकेक प्रत प्रत्येकाच्या हातात द्यायची, मिळाली म्हणून सही घ्यायची, आणि ज्याला विमा नको असेल त्याने तेही लिहून द्यायचे, असा नियम होता. आक्का नुसत्या सह्या घेऊन गप्प बसणाऱ्या नव्हत्या. दुपारच्या चहाला सगळ्यांना बसवून त्यांनी सारांश मोठ्याने वाचून दाखवला. दोघांना डुलकी लागली, तेव्हा त्यांनी तेच पान पुन्हा वाचले. तिसऱ्यांदा कुणी झोपले नाही.

सह्यांच्या वेळी मात्र गंमत झाली. सुताराच्या कानावर पेन्सिल असतेच. आक्का मान वर करून बघतात तो दहा जणांनी कानावरची पेन्सिल काढून सह्या ठोकलेल्या.

"ही काय फळी आहे का खुणा करायला?" आक्कांनी विचारले. "पेन्सिलीची सही म्हणजे रंधा फिरवला की गेली. शाईनं गिरवा."

अकरावे होते पॉलिशकाका. दाराला शेवटचा हात त्यांचा. त्यांच्या कामात खुणा नसतात, म्हणून कानावर पेन्सिलही नसे. खिशात एक जुने शाईचे पेन असे. त्यांनी ऐटीत सही केली, खाली तारीख टाकली आणि उचलताना पानावर तपकिरी पॉलिशचा अख्खा अंगठा उमटवला.

"काका, हात पुसा की."

"पुसलाय आक्का. हा पुसूनच असा आहे."

पुढे दर वर्षी नव्याने पोच घेताना हे संभाषण झाले. माझ्या पोटात काकांचे सहा अंगठे आहेत.

ते माझे सुखाचे दिवस होते. एकदा सरकारी तपासनीस आले. त्यांनी एकेक कागद मागितला आणि आक्कांनी न शोधता काढून दिला. जाताना ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "फाइल असावी तर अशी." मी फुगले होते, हे कबूल करते. तेव्हा माझ्या पोटात कागदही पुष्कळ होते.

मग आक्कांची नजर मंदावली आणि त्या घरी बसल्या. त्याच सुमारास कारखान्यातल्या मिस्त्रींचा हात मोडला आणि ते चार महिने घरी राहिले. ते परत आले त्या दिवशी दादांनी मला उघडले. दस्तऐवजात लिहिले होते, की आजारी माणूस कामावर नसला तरी तीन महिने गटात राहील.

"तीन महिने म्हणजे काय? हाडाला कॅलेंडर कळतं का?" दादा म्हणाले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, 'तीन' खोडून वर 'सहा' लिहिले आणि खाली सही केली. बदल सगळ्यांना कळला, म्हणून सगळ्यांनी सह्या केल्या. कशाने, ते तुम्ही ओळखलेच असेल. काकांनी तेवढे आपल्या पेनाने सही-तारीख केली आणि अंगठा उठवला. आक्कांची शिकवण म्हणून दादांनी त्या पानाच्या झेरॉक्स प्रती काढून सगळ्यांना वाटल्या. विमावाल्या बाई फोनवर म्हणाल्या, "टाइप करून, शाईनं सही करून पाठवा." दादा म्हणाले, "करतो." दादांचे 'करतो' फार मोठ्या मनाचे असते. त्यात पुष्कळ कामे मावतात.

आठवड्याभराने नवे यंत्र आले. टेबल सरकवले तर त्याचा एक पाय अधांतरी. अकरा सुतारकामाची माणसे, शेडभर लाकूड, आणि एका पाचरीला कुणाला वेळ नाही. दादांनी हाताला लागले ते पायाखाली सरकवले. ती मी होते.

दोन वर्षे मी ते टेबल पाठीवर घेतले. यंत्र सुरू झाले की टेबल थरथरे, टेबलाबरोबर मी थरथरे आणि माझ्या पोटातली पाने एकमेकांवर घासत राहत. बारीक भुसा आत शिरला होता. तो पॉलिश पेपरसारखा काम करी. मला कळत होते, पण फाइलला ओरडता येत नाही.

मग पॉलिशकाकांचा दम वाढला. ते घरी बसले. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितले, छातीचे ऑपरेशन पुढच्या आठवड्यात व्हायलाच हवे. विमा कंपनीने विचारले, हे गृहस्थ पाच महिने कामावर नाहीत, मग अजून गटात कसे? तुमच्या दस्तऐवजात लिहिले असेल तर पाठवा. ते पत्र घेऊन काकू कारखान्यात आल्या.

"काळजी करू नका काकू," दादा म्हणाले. "आपण सहा महिने केलेत. सगळ्यांच्या सह्या आहेत."

"कुठे आहेत?"

दादा कपाटाकडे गेले. कपाटातून खणाकडे, खणातून यंत्रामागे. काकू उभ्याच होत्या. शेवटी मिस्त्री गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "दादा, हे टेबलाखाली काय आहे?"

मला बाहेर काढले. चाप उघडला. मला जन्मात एवढी लाज वाटली नव्हती. त्या पानावर राखाडी ढग पसरला होता. 'सहा' दिसत नव्हते. दादांची सही दिसत नव्हती. हाताने केलेल्यांत धड उरले होते दोनच: काकांची शाईची सही-तारीख आणि तपकिरी अंगठा.

दादा खाली बसले. त्यांचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता. "प्रती वाटल्या होत्या ना? काढा रे आपापल्या."

मिस्त्रींनी आपल्या प्रतीचा कमानीसाठी साचा कापला होता. रंधेवाल्याची गोंदाच्या डब्याला कायमची चिकटली होती. एक जण म्हणाला, "मी अगदी जपून ठेवलीय. फक्त कुठे, ते आठवत नाही."

"ह्यांची आहे," काकू म्हणाल्या. "माझ्या चष्म्याच्या घराखाली ठेवलीय. रोज चष्मा घेताना हाताला लागते."

त्या प्रत घेऊन आल्या तोवर दादा आक्कांना घेऊन आले होते. झेरॉक्सवर सगळे स्पष्ट होते: खोडलेला 'तीन', वरचा 'सहा', दादांची सही, दहा जणांच्या सह्या.

"पण ही त्याच पानाची प्रत, हे कंपनीला कसं पटवायचं?" दादांनी विचारले.

आक्कांनी भिंग काढले. आधी माझे पान, मग काकूंचे. दोन्हीकडे सही तशीच तिरकी, तारीख तीच, आणि तारखेवर अर्धा चढलेला तोच अंगठा, एकीकडे तपकिरी, दुसरीकडे काळा.

"ह्या डागावरून मी त्या माणसाला वर्षानुवर्षं बोलले," आक्का हळूच म्हणाल्या.

दोन्ही पाने पाठवली. सोबत दादांचे निवेदन आणि खाली सगळ्यांच्या सह्या, शाईने. पेन एकच होते. काकूंनी ते काकांच्या उशाखालून आणले होते. कंपनीने दोनदा उलट विचारले. पाचव्या दिवशी मंजुरीचे पत्र आले.

"ह्या वेळी निभावलं," विमावाल्या बाई दादांना म्हणाल्या. "पुढच्या वेळी प्रत्येक माणूस डाग पाडेलच असं नाही."

ऑपरेशन झाले. काका परत आले, पण पॉलिशचा वास त्यांना आता चालत नाही. ते टेबलाशी बसतात आणि मला सांभाळतात. टेबलाला मिस्त्रींनी पाचर मारली. चार मिनिटे लागली. दोन वर्षे मी उचललेले ओझे होते चार मिनिटांचे.

काल एक नवी कारागीर बाई रुजू झाली. काकांनी तिला सारांश सावकाश वाचून दाखवला आणि प्रत दिली. पोच घेताना तिने कानावरची पेन्सिल काढली. दादांनीही सही करायला आपली काढली. काकांनी मान वर न करता पेन पुढे धरले.

मित्रांनो, तुमच्या घरातून कुणी कामाला जात असेल, तर आज त्यांना विचारा, तुमची प्रत कुठे आहे? आणि कुठे टेबल डुगडुगत नसेल, पण एका पायाखाली काही दिसत असेल, तर जरा वाकून बघा. तिथे माझी एखादी बहीण असेल. तिला ओरडता येत नाही.