अर्धा तास स्वतःचा श्वास

चौदा दिवस देवरावांचे श्वास मशीन घेत होतं. न्यूमोनियानं फुप्फुसं भरली होती. आज मशीनची मदत काढून अर्धा तास त्यांनी स्वतः श्वास घ्यायचा होता. जमलं तर नळी निघणार, नाही तर उद्या गळ्याला छिद्र पाडणार. काल ते घाबरले, मिनिटाला चाळीस श्वास घेत धापले आणि नापास झाले. "सखूअम्मा, आज इनको शांत रखो," नर्स सत्यवती मला म्हणाली.

शांत? आमच्या ह्यांना? रेल्वेतून रिटायर झाल्यापासून चिक्कडपल्लीच्या विहारात आनापान, म्हणजे श्वासावरचं ध्यान, शिकवणारा माणूस हा. भात करपला तरी ह्याला राग येत नाही, आणि माझा जीव जातो. मी कानाशी वाकले. "अहो, घाबरू नका. नुसतं श्वासाकडे बघा."

त्यांनी डोळे मिटले. पडद्यावरचा श्वासांचा आकडा बत्तीसवरून वीसवर आला, मग बारावर. मला वाटलं, मी किती शहाणी. मग आठ. मग सहा. मशीन ओरडायला लागलं.

सत्यवती धावत आली. "इत्ता धीमा नक्को अम्मा! सोने की दवा अब्बी दिमाग में है, वो सांस का हुकुमच नै देता. सांस लेने को बोलो, नै तो मशीन वापस लगाना पड़ता."

"अहो, श्वास घ्या!" मी खांदा हलवला. ते कुठल्या कुठे खोल बसले होते. पाच.

ह्यांना चिडवायला एकच गोष्ट होती माझ्याजवळ, आणि ती मी मरेपर्यंत लपवणार होते.

"तुमची जन्मभर जमवलेली पुस्तकं मी रद्दीत घातली. कोठी बाजारातल्या जुन्या पुस्तकवाल्याला. सगळं कपाट रिकामं केलं."

डोळे उघडले.

"दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आशा सोडा. मी सोडली. तुम्ही परत येत नाही असं समजून पुस्तकं दिली."

भुवया आवळल्या. छाती उचलली. दहा. सोळा. बावीस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्यावर चिडला होता, आणि मी हात जोडून त्या आकड्याकडे बघत होते. चोवीसवर तो थांबला आणि अर्धा तास तिथंच राहिला.

नळी निघाली. "क्या बोले अम्मा कान में?" सत्यवतीनं हसून विचारलं.

"घर की बात," मी म्हटलं.

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला रडू फुटलं. ते तसेच पडून श्वास घेत राहिले, आपले आपण.