दोन्ही वाट्यांत पेढा

देडतलाईच्या विमलने धाकट्या भावाचं मूल आपल्या पोटात वाढवायचं कबूल केलं, तेव्हा तिची अट एकच होती. मुलगा की मुलगी, हे कोणी निवडायचं नाही.

दोन हजार आठ साल होतं ते. शालिग्राम आणि निर्मलाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. निर्मलाची गर्भपिशवी काढावी लागलेली, पण मूल दोघांचंच होऊ शकतं, वाढवायला फक्त दुसरं पोट हवं, असं इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. विमलला स्वतःच्या दोन मुली. कडू नावाचा तिचा नवरा केळीच्या बागेत राबणारा, भला माणूस. "तू कर, स्वयंपाक मी पाहतो," म्हणाला. पाहिलाही. त्याची भाकरी मात्र शेवटपर्यंत गोल झाली नाही.

एवढ्यात कुठल्याशा एजंटाने शालिग्रामला परदेशातल्या दवाखान्याचा कागद दिला. तिथे म्हणे मुलगाच निवडून देतात. जिल्ह्याच्या गावी लालबागेत राहणारी दोघा भावंडांची माय, सोजरबाई, हरखून गेली.

"एक बार जाऊन यायला काय जातं? इतका खर्च करायचा, मग पोऱ्याच पक्का करून घ्या ना!"

विमलचं डोकं फिरलं. "केळीच्या बुडाशी फुटलेलं एकच पील आम्ही निवडून ठेवतो माय, बाकीची कापून टाकतो. माझ्या पोटात ते चालणार नाही. निवडायचंच असेल तर दुसरं पोट शोधा. मला काय तू निवडलं होतं?"

शालिग्राम बोलण्यात कच्चा, पण त्याने निर्मलाकडे पाहिलं आणि कागद फाडून टाकला. विमलला भावाचा तेव्हा फार अभिमान वाटला.

सातव्या महिन्यात लालबागेत डोहाळजेवण झालं. चौरंगावर विमल आणि निर्मला शेजारीशेजारी, दोघींना हिरवी साडी, दोघींना फुलांचे गजरे. शेजारणींनी नाकं मुरडली आणि जेवायला सगळ्यांच्या आधी बसल्या. मग मायने झाकलेल्या दोन वाट्या समोर ठेवल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

विमलने एक वाटी उघडली. पेढा! बायांनी कल्ला केला. पण मायला ती जन्मापासून ओळखत होती. तिने दुसरीही उघडली. त्यातही पेढाच.

सगळ्या खोखो हसल्या. विमलला हसू आलं नाही.

"माय, पोरगी झाली तर घेशील का तिला मांडीवर?"

मायने पदर सारखा केला आणि वाढायला निघून गेली. निर्मलाने दोन्ही पेढे उचलून आपल्या तोंडात टाकले. "ताई, जे येईल ते माझं," ती म्हणाली. विमलने मान डोलावली, पण मायचं ते उत्तर न देणं पुढचे दोन महिने तिला सलत राहिलं.

मुलगी झाली. निर्मलाने छातीशी धरली, शालिग्राम तर भिंतीला टेकून ढसाढसा रडला. विमलने मान वळवून विचारलं, "माय कुठे गेली?"

मुलगी झाल्याचं ऐकून ती तशीच दवाखान्याबाहेर पडली होती. विमलचे डोळे भरले. इतकं करून शेवटी माय काही बदलली नाही.

तासाभराने व्हरांड्यातून मायचा आवाज आला. ती भेटेल त्याच्या हातावर काहीतरी ठेवत येत होती.

"पोऱ्या झाला का आजी?" कोणीतरी विचारलं.

"पोरगी."

"मग पेढे कसे?"

"मग काय झालं? माझ्या लेकीने भावाचं घर भरलं. असं कोणाच्या पोऱ्याने करून दाखवलं असेल तर सांग मला!"

दार ढकलून ती आत आली. आधी बाळाला मांडीवर घेतलं, दृष्ट काढली. मग पिशवीतून दोऱ्याने बांधलेला पेढ्यांचा वेगळा पुडा काढून विमलच्या उशाशी ठेवला.

"हा कशाचा माय?"

"तुझा," माय म्हणाली. "तू झालीस तेव्हा मी गुळाचा खडासुद्धा वाटला नव्हता."